अरुंद बोनेटमधला अल्टरनेटर घरच्या घरी बदलणे

धागाकर्ता, सातारा

नमस्कार. गेल्या आठवड्यात पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढत असताना मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद लुकलुकू लागला. पाऊस जोरात होता आणि हेडलाइट, वायपर व काचेवरची वाफ घालवण्यासाठी ब्लोअर असे तिन्ही चालू होते. घाट उतरेपर्यंत हेडलाइटचा प्रकाश पिवळट पडला, म्हणून ब्लोअर आणि रेडिओ बंद करून कसाबसा गोडोलीपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फने फक्त ‘टक्’ असा आवाज दिला आणि इंजिन फिरले नाही.

गाडी २०१३ सालची छोटी डिझेल हॅचबॅक आहे आणि तिचे एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले आहेत. बॅटरी दीड वर्षांपूर्वीची आहे. शेजाऱ्यांच्या चार्जरवर ती रात्रभर लावली, काढून दोन तास तशीच ठेवली आणि मग मोजली, तेव्हा मल्टीमीटरने १२.६ व्होल्ट दाखवले. इंजिन सुरू केल्यावर मात्र आकडा वर जाण्याऐवजी १२.२ वर आला आणि हळूहळू आणखी उतरत राहिला. पट्टा जागेवर आहे, त्याला चिरा नाहीत आणि तो घसरल्याचा आवाजही येत नाही.

एका गॅरेजने बघताक्षणी बॅटरी बदला असे सांगितले, ते मला पटले नाही. वडील एसटीच्या कार्यशाळेत होते. त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे आणि क्लच केबलपासून ब्रेक पॅडपर्यंतची कामे मी त्याच पेटीवर घरी केली आहेत. त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलण्याचे हेही काम स्वतः करावे अशी मनापासून इच्छा आहे. अडचण एवढीच आहे की अल्टरनेटर इंजिनच्या मागच्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली आणि केबिनच्या भिंतीच्या पुढे असा दडून बसला आहे. वरून हात घातला तर बोटे त्याला लागतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही आणि पाना फिरवायला तर चार बोटांचीही जागा नाही. ज्यांनी अशा अडचणीच्या जागी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की ते वरून करावे की खालून?

प्रतिसाद, मिरज

वरून की खालून हे ठरवण्याआधी तीन गोष्टी मोजून घ्याव्यात, कारण चार्जिंग न होण्याचे कारण प्रत्येक वेळी अल्टरनेटरच असते असे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन चालू असताना मल्टीमीटरची लाल पिन थेट अल्टरनेटरच्या जाड वायरच्या स्टडवर (वायर जिथे नटाने आवळलेली असते त्या आटेदार खुंटीवर) आणि काळी पिन त्याच्याच अंगावर टेकवून व्होल्टेज पाहावे. तिथे चौदाच्या आसपास आकडा मिळाला आणि बॅटरीवर मात्र बारा, तर अल्टरनेटर निर्दोष असून मधली वायर किंवा त्या वाटेवरचा मोठा फ्यूज गेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, बॅटरीचा दिवा लागतो का ते बघावे. अनेक गाड्यांत रोटरला (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा प्रवाह याच दिव्याच्या वाटेने मिळतो आणि तो मिळाला नाही तर अल्टरनेटर जागाच होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर डायोड प्लेटवर (आतल्या एसी विजेची डीसी करणाऱ्या भागावर) संशय घ्यायला जागा आहे.

एक गोष्ट कधीही करू नये. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी चालू राहते का बघू’ ही जुन्या डायनॅमोच्या काळातली चाचणी आजच्या गाडीत घातक आहे. बॅटरी सर्किटमधून निघाली की व्होल्टेज क्षणभर फार वर उसळते आणि त्यात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

धागाकर्ता, सातारा

तिन्ही मोजमापे घेतली. स्टडपर्यंत पिन पोहोचवण्यासाठी तिला तांब्याची जाड तार बांधावी लागली आणि शेवटचे टोक सोडून सगळ्या तारेवर इन्सुलेशन टेप गुंडाळली. स्टडवर १२.२ आणि बॅटरीवरही १२.२ मिळाले. किल्ली फिरवल्यावर दिवा पूर्ण तेजाने लागतो, पण इंजिन सुरू झाल्यावर विझण्याऐवजी मंद जळत राहतो. एसीवर नगण्य आकडा आला. अल्टरनेटरच्या स्टडपासून बॅटरीपर्यंत आणि त्याच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉपही (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) मोजला, तो दोन्हीकडे जवळजवळ शून्य आहे. म्हणजे वायर आणि अर्थिंग उत्तम आहे असे समजू का?

प्रतिसाद, सांगली

मी गेली बरीच वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम करतो. वायर आणि अर्थिंग उत्तम आहे असे इतक्यात समजू नका. व्होल्टेज ड्रॉप हा वायरमधून प्रवाह वाहतो तेव्हाच दिसतो. तुमचा अल्टरनेटर सध्या काहीच देत नाही, मग ड्रॉप दिसणार कसा? नळ बंद असताना पाइपात गाळ आहे की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. नवीन अल्टरनेटर बसवल्यावर सगळे दिवे आणि ब्लोअर लावून हीच दोन मोजमापे पुन्हा घ्या. बरेच लोक हे विसरतात आणि महिन्याभराने नव्या अल्टरनेटरला नावे ठेवत परत येतात.

आता दोष आत कुठे आहे ते पाहू. इंजिन आयडलवर चालू ठेवा, हात आणि बाही पट्ट्यापासून लांब ठेवा आणि हातोडीच्या लांब लाकडी दांड्याने अल्टरनेटरच्या मागच्या बाजूस हलकी टकटक करा. कोणाला तरी मल्टीमीटरकडे पाहायला सांगा. टकटकीसरशी व्होल्टेज क्षणभर वर गेले तर कार्बन (फिरत्या रोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजले आहेत असे जवळपास खात्रीने म्हणता येईल. नवे कार्बन साधारण सेंटिमीटरभर लांब असतात. झिजून ते अर्ध्याच्या खाली आले की मागच्या स्प्रिंगचा जोर कमी पडतो आणि ते स्लिप रिंगवर (रोटरवरच्या तांब्याच्या कड्यांवर) नीट टेकत नाहीत.

कार्बन किंवा कटआउट (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर) एवढेच गेले असेल तर संपूर्ण अल्टरनेटर बदलण्याची गरज नसते, ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो. मात्र तुमच्या गाडीत अल्टरनेटर भिंतीजवळ दडलेला असल्याने मागचे झाकण जागेवर उघडणार नाही. अल्टरनेटर बाहेर काढावाच लागेल आणि एवढे श्रम करून बाहेर काढल्यावर बेअरिंगही हाताने फिरवून पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर आमच्याकडे चिखल भरलेले अल्टरनेटर रांगेने आले होते. उन्हात वाळवून परत बसवलेल्यांतले बरेचसे पुढे बेअरिंग वाजू लागल्यामुळे पुन्हा उघडावे लागले. सांगायचे एवढेच की बाहेर आलेली वस्तू पूर्ण तपासूनच परत आत जावी.

नवीन घेणार असाल तर जुना दुकानात सोबत न्या. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त हवेत. पुलीच्या खाचा, कपलरचा (वायरच्या प्लगचा) आकार आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर जुळले पाहिजे. अनेक डिझेल गाड्यांत पुली एकाच दिशेला पकडते आणि उलट्या दिशेला मोकळी फिरते. तिच्या जागी साधी पुली चालवून घेतली तर पट्टा आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) दोन्ही मार खातात.

धागाकर्ता, सातारा

काका, टकटक केली. पत्नी मल्टीमीटर धरून उभी होती. तिसऱ्या ठोक्याला ती एकदम म्हणाली, “तेरा पॉइंट सहा!”, आणि पुढच्याच क्षणी आकडा पुन्हा बारावर आला. दिवाही तेवढ्यापुरता विझला. निदान पक्के झाले, आपले मनापासून आभार. गाडी दर आठवड्याला पुण्याला न्यावी लागते, त्यामुळे नवीन अल्टरनेटर घेऊन बसवतो आणि जुना सावकाश दुरुस्त करून हाताशी ठेवतो. काम रविवारी करीन.

प्रतिसाद, कराड

काम खालून करावे लागणार हे उघड आहे, म्हणून सुरक्षिततेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. गाडीसोबत मिळणारा स्क्रू जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जॅक स्टँड विकत किंवा मागून आणावेत. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात वापरू नयेत, कारण ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. सध्या पावसाने जमीन मऊ आहे, तेव्हा फरशी नसेल तर स्टँडखाली जाड फळी घालावी. मागच्या दोन्ही चाकांना ओंडके लावावेत, आणि स्टँडवर गाडी टेकल्यावर खाली जाण्याआधी ती दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावी.

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत आधी काढावे आणि सर्वांत शेवटी लावावे. अल्टरनेटरच्या स्टडवरची जाड वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला थेट जोडलेली असते, किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज असते. अशा अरुंद जागेत त्या नटावरचा पाना इंजिनच्या अंगाला लागल्याशिवाय राहत नाही. निगेटिव्ह काढलेले नसेल तर जी ठिणगी पडते ती पान्याचे टोक वितळवते. हातातली अंगठी, कडे आणि घड्याळ आधी काढून ठेवावे.

प्रतिसाद, विटा

मी असेच काम मागच्या वर्षी केले. माझ्या अनुभवाने सांगतो की अल्टरनेटर दोन-तीन बोल्टांवरच असतो, खरे काम त्याच्याभोवती जागा करण्याचे आहे. पुढचे उजवे चाक काढा, चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे कव्हर काढा, म्हणजे पट्टा आणि पुली समोर येते. पट्टा काढण्याआधी त्याच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि शिवाय कागदावर चित्रही काढा, कारण फोटोत कोणत्या पुलीच्या वरून आणि कोणत्या पुलीच्या खालून तो गेला आहे हे नंतर ओळखू येत नाही.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. लांब एक्स्टेन्शन आणि त्याच्या टोकाला वळणारा जॉइंट यांच्याशिवाय मागचा बोल्ट मिळणार नाही. बसवताना नट गोटीतून (सॉकेटमधून) निसटून खाली पडतो, त्यासाठी गोटीत कागदाचा छोटा तुकडा दाबून मग नट बसवा, तो घट्ट धरून राहतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर इंजिनची ढोबळ आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा. बोल्टांची लांबी सारखी नसते आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आटे जातात.

प्रतिसाद, पाटण

विषयाला धरूनच एक शंका आहे. माझ्याकडे जुनी डिझेल जीप आहे आणि तिच्या अल्टरनेटरच्या मागे आणखी एक गोल डबा असून त्याला तेलाच्या नळ्या जोडलेल्या आहेत. तोही काढावा लागतो का?

प्रतिसाद, सांगली

तो व्हॅक्यूम पंप आहे. डिझेल इंजिनात हवा आत घेताना पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी) वेगळा पंप लागतो आणि जुन्या अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर असतो. नळ्या सोडवल्यावर जोडाचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. पंपाचे ऑइल सील गेले असेल तर तेल अल्टरनेटरच्या आत झिरपून कार्बन चिकटवते, त्यामुळे दोन्ही एकदमच तपासा. आणि काम झाल्यावर अंगणातच ब्रेक चार-पाच वेळा दाबून पाहा. पेडल दगडासारखे कडक लागले तर नळी कुठेतरी नीट बसलेली नाही, गाडी फाटकाबाहेर नेऊ नका.

प्रतिसाद, कोरेगाव

सर्वांचे म्हणणे मान्य आहे, तरीही विचारतो. गॅरेजमध्ये लिफ्ट असते आणि तिथे दोन तासांत होणाऱ्या कामासाठी रविवार घालवून गाडीखाली आडवे का व्हावे?

धागाकर्ता, सातारा

आपला प्रश्न रास्त आहे. ज्यांच्याकडे स्टँड नाहीत किंवा सपाट जागा नाही त्यांनी गॅरेजमध्येच जावे. मला मात्र ही गाडी रात्री-अपरात्री घाटातून न्यावी लागते. तिचा प्रत्येक बोल्ट कुठे आहे हे ठाऊक असणे मला मोलाचे वाटते, आणि घाई नसलेल्या माणसाला जे दिसते ते घाईतल्या माणसाला दिसत नाही असा माझा अनुभव आहे.

धागाकर्ता, सातारा (रविवार रात्र)

काम पूर्ण झाले. सकाळी साडेसातला सुरुवात केली आणि दुपारी साडेतीनला इंजिन सुरू झाले. जिथे अडलो ते सविस्तर लिहितो, बाकीचे वरच्या प्रतिसादांप्रमाणेच झाले.

चाक, कव्हर आणि पट्टा काढायला तासही लागला नाही. टेन्शनर लांब रिंग पान्याने फिरवून धरला आणि पत्नीने वरून पट्टा सरकवला. वरचा बोल्ट सहज आला. खालचा लांब बोल्ट सैल झाला, बोटांनी फिरू लागला, अर्ध्याहून जास्त बाहेर आला आणि त्याचे डोके चासीच्या पट्टीला टेकून थांबले. फक्त बोटाच्या पेराएवढी जागा कमी पडत होती. दीड तास मी वेगवेगळ्या कोनांतून प्रयत्न केला. शेवटी सांपखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दुसऱ्या जॅकने इंजिनला आधार दिला, उजव्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचे बोल्ट काढले आणि इंजिन तीन सेंटिमीटर वर उचलले. बोल्ट लगेच सरकून हातात आला. ठोकळ्याशिवाय जॅक लावला असता तर पत्र्याचा सांप आत गेला असता, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

बोल्ट निघूनही अल्टरनेटर जागचा हलेना. त्याच्या दोन कानांमध्ये (बोल्ट ज्यांतून जातो त्या भोकाच्या पट्ट्यांमध्ये) इंजिनचा ब्रॅकेट इतका घट्ट बसला होता की जणू तो तिथेच ओतला आहे. टॉर्च आणि लहान आरसा घेऊन पाहिल्यावर उलगडा झाला. एका कानात पोलादी बुश (सरकणारी नळी) असतो आणि बोल्ट आवळला की तो आत सरकून ब्रॅकेटला चिमट्यासारखा धरतो. वडिलांच्या पेटीतली पहार कानाखाली घालून, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने असे हळूहळू उचकटल्यावर तो सुटला. बाहेर काढण्याची वाट एकच होती. पुली खाली करून, अंगावर फिरवत, एक्सल आणि सबफ्रेम यांच्यामधून तो तिरका उतरवावा लागला.

नव्या अल्टरनेटरचा बुशही थोडा आत आलेला होता आणि त्यामुळे तो ब्रॅकेटवर चढतच नव्हता. खाली झोपून ताकद लावण्याऐवजी तो परत बाहेर आणला, योग्य मापाची एक गोटी घेऊन व्हाइसमध्ये दाबला आणि बुश दोन मिलिमीटर मागे सरकवला. त्यानंतर तो कुलपात किल्ली जावी तसा बसला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हे टेबलावरच करून मग अल्टरनेटर आत न्यावा. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावले आणि शेवटी आवळले. स्टडचा नट लहान असतो, तो जोराने आवळला तर स्टड तुटतो, म्हणून आखूड पान्याने बेताने आवळला आणि रबरी टोपी परत चढवली.

बॅटरी आदल्या रात्री पुन्हा चार्ज केलेली होती. किल्ली फिरवल्यावर दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला, आणि बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसले. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावला. अल्टरनेटरच्या स्टडवर १४.१ कायम राहिले, पण बॅटरीवरचा आकडा १३.३ वर उतरला. हे ठीक आहे का?

प्रतिसाद, सांगली

ठीक नाही. मधल्या वाटेत आठ दशांश व्होल्ट गडप होत आहेत. सगळे दिवे चालूच ठेवून स्टड ते बॅटरी पॉझिटिव्ह, आणि अल्टरनेटरचे अंग ते बॅटरी निगेटिव्ह, असे दोन आकडे द्या.

धागाकर्ता, सातारा

पॉझिटिव्हच्या बाजूस ०.१२ आहे. निगेटिव्हच्या बाजूस ०.७ आहे! आठ दिवसांपूर्वी हाच आकडा मी शून्य लिहिला होता.

प्रतिसाद, सांगली

तेव्हा प्रवाह नव्हता. इंजिनपासून बॉडीकडे येणारी अर्थिंगची पट्टी शोधा, बहुधा गिअरबॉक्सजवळ असेल. दोन्ही टोके सोडवा आणि खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा.

धागाकर्ता, सातारा

पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला सापडली. विणलेल्या तारांवर हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती आणि बॉडीकडच्या टोकाचा बोल्ट पान्याने फिरवताच गंजाचे पापुद्रे हातावर पडले. तारांतल्या निम्म्या तुटलेल्या होत्या, म्हणून पट्टी नवीनच घातली. पत्रा पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन लावले. सगळे दिवे लावून निगेटिव्हच्या बाजूस आता ०.०६ मिळतात आणि बॅटरीवर १३.९ मिळतात. गेली दोन वर्षे इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचा प्रकाश त्याच तालावर कमी-जास्त होत असे, आणि मी त्याचा दोष बल्बांना देत होतो. तेही थांबले आहे.

जुना अल्टरनेटर टेबलावर उघडला. एक कार्बन सात मिलिमीटर शिल्लक आहे, दुसरा जेमतेम तीन, आणि त्याच्याच खालच्या स्लिप रिंगवर नखाला लागेल एवढी खाच पडली आहे. बेअरिंग हाताने फिरवल्यावर गुळगुळीत फिरते. कार्बन घालू, की आधी रिंगचे काही करावे लागेल?

प्रतिसाद, सांगली

खाच असलेल्या रिंगवर नवे कार्बन घातले तर ते पुन्हा एकाच बाजूने झिजतील. रिंग लेथवर हलकी साफ करून घ्या, खाच खोल निघाली तर रिंगच बदला, मग कार्बन घाला. इकडे येणे होईल तेव्हा रोटर घेऊन या, आपण सोबत बसून करू.

धागाकर्ता, सातारा

पुढच्या शनिवारी येतो. आज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, बॅटरी १२.६ वर होती.